सारखी लघवीला लागते? आधी तीन दिवस मापून पाहा

"लघवी सारखी होते" या एका तक्रारीत निदान तीन निरनिराळे बिघाड दडलेले असतात. पहिल्यात मूत्रपिंडं मुळात लघवीच जास्त तयार करतात. मूत्राशयाचा त्यात काही दोष नसतो. दुसऱ्यात मूत्राशय पुरता रिकामा होत नाही, थोडी लघवी मागे राहते, म्हणून तो लगेच पुन्हा भरतो. तिसऱ्यात मूत्राशय अर्धाही भरलेला नसताना आवळायला लागतो आणि माणसाला हातातलं काम टाकून धावावं लागतं. हा तिसरा प्रकार म्हणजे अतिक्रियाशील मूत्राशय. दवाखान्यात त्याला 'ओव्हरअ‍ॅक्टिव्ह ब्लॅडर' म्हणतात.

तिन्हींचे उपाय वेगळे, काही बाबतीत तर एकमेकांच्या उलट. तिसऱ्या प्रकारावरची गोळी दुसऱ्या प्रकारच्या माणसाला दिली तर लघवी तुंबू शकते. पहिल्या प्रकाराच्या मुळाशी मधुमेह असेल तर कितीही व्यायाम केले तरी रक्तातली साखर उतरेपर्यंत फेऱ्या कमी होत नाहीत. म्हणून शेजारणीला लागू पडलेली गोळी मागून घेण्याआधी एक मापाचा मग आणि एक वही आणा.

आत काय चालतं

मोठ्या माणसाच्या मूत्राशयात साधारण ४०० ते ६०० मिली लघवी मावते. दीड-दोनशे मिली जमली की पहिली हलकी जाणीव होते. ती नुसती वर्दी असते, हुकूम नसतो. मेंदू तिला 'अजून नाही' असं उत्तर देतो आणि मूत्राशयाच्या भिंतीतला डिट्रूसर नावाचा स्नायू सैल राहून पिशवी आणखी ताणू देतो. तुम्ही संडासात जाऊन बसता तेव्हा मेंदू परवानगी देतो; आधी खालचा दरवाजा राखणारा स्नायू ढिला पडतो, मग भिंत आवळते आणि धार सुरू होते.

अतिक्रियाशील मूत्राशयात भिंत या परवानगीची वाट पाहत नाही. 'इंटरनॅशनल कॉन्टिनन्स सोसायटी'ने २००२ मध्ये पक्क्या केलेल्या व्याख्येत मुख्य लक्षण एकच आहे: अचानक उठणारी, पुढे ढकलता न येणारी कळ, म्हणजे घाई. दिवसा वारंवार जाणं, रात्री उठावं लागणं आणि कधी वाटेतच निसटणं ही तिच्यासोबत येणारी लक्षणं. त्यामुळे दिवसातून बारा वेळा जाणाऱ्या, पण प्रत्येक वेळी आरामात चालत जाणाऱ्या माणसाचं दुखणं बहुधा दुसरंच असतं.

खोकताना, शिंकताना, पाण्याची कळशी उचलताना दोन-चार थेंब निसटणं हाही वेगळा प्रकार. तिथे कळ नसते, फक्त पोटातला दाब वाढतो आणि दरवाजा तो पेलू शकत नाही. बाळंतपणानंतर आणि पाळी गेल्यानंतर अनेक बायकांना हे दोन्ही प्रकार एकत्र असतात. तसं असेल तर जास्त त्रास कशाचा, हे डॉक्टरांना आधी सांगा.

मूत्राशय शिकतो, हेही ध्यानात ठेवा. बाळाला पायांवर धरून "शूऽऽ" करणारी आजी त्याला हेच शिकवत असते: आवाज आला की सोड. मोठेपणी तीच गोष्ट नकळत होते. दाराच्या कुलपात किल्ली घातली, मोरीत नळ सोडला, भांडी घासायला घेतली की कळ येते. शिवाय घराबाहेर पडण्याआधी, बाजारात शिरण्याआधी, पाहुण्यांकडे पोचल्या पोचल्या "कशाला उगाच, एकदा जाऊन येते" ही सवय. ऐंशी-शंभर मिलीवरच रिकामं व्हायची मूत्राशयाला सवय लागली की पुढे तो तेवढ्यावरच ओरडतो. सुदैवाने शिकलेलं मोडताही येतं, आणि बिनगोळीचे बहुतेक उपाय याच एका गोष्टीवर उभे आहेत.

आधी हे नाही ना, ते पाहा

लघवीतून रक्त गेलं, एकदाच आणि न दुखता गेलं तरी, यूरॉलॉजिस्टकडे, म्हणजे मूत्ररोगतज्ज्ञाकडे, जायचंच. तंबाखू किंवा विडी-सिगारेट असेल तर एक दिवसही टाळू नका. मूत्राशयाच्या कर्करोगाचं ते मोठं कारण आहे. थंडी वाजून ताप आणि कमरेच्या बाजूला दुखणं म्हणजे जंतुसंसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेल्याची शंका. लघवीला लागली आहे, ओटीपोट फुगलं आहे, पण थेंबही होत नाही, ही तातडीची वेळ. तिथे काढे-पाणी करत बसू नये. आणि पाठदुखीसोबत अचानक लघवी-संडासवरचा ताबा गेला, मांड्यांच्या आतली किंवा बसायची जागा बधिर झाली, पाय लुळे पडू लागले, तर त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठा. मज्जारज्जूच्या टोकाकडच्या नसा दबल्याची ती खूण असते.

जळजळ, ज्याला आपण उन्हाळी लागणं म्हणतो, ती अतिक्रियाशील मूत्राशयाचं लक्षण नाही. पाणी कमी पडल्याने किंवा संसर्गाने ती होते. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या सायट्रेटच्या सिरपने आग कमी होते, जंतू मरत नाहीत. प्रतिजैविक घ्यायची वेळ आली तर पहिली गोळी घेण्याआधी कल्चरसाठी (जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीसाठी) लघवी द्या. नंतर दिलेल्या नमुन्यात जंतू उगवले नाहीत तर त्याचा अर्थ कुणालाच लावता येत नाही.

तीन दिवसांची वही

सगळ्या तपासण्यांत स्वस्त आणि सगळ्यांत जास्त सांगणारी तपासणी हीच, पण बहुतेक लोक ती कंटाळ्याने सोडतात. लागतं काय? ५०० मिली किंवा १ लिटरचा खुणा असलेला प्लास्टिकचा मग. नसेल तर जुना पारदर्शक मग घ्या, लग्नात वाटतात त्या २०० मिलीच्या बाटलीने पाणी ओतत जा आणि दर २०० मिलीला मार्करने रेघ मारा. मधल्या ५० आणि १०० च्या रेघा अंदाजाने ओढल्या तरी चालतात. मग संडासातच ठेवा, नाहीतर ऐन वेळी सापडत नाही. कमोड असेल तर बायकांना रुंद तोंडाचा मग सोपा पडतो.

घरातली भांडीही एकदा मोजून घ्या. 'एक फुलपात्र' म्हणजे कुणाकडे १५० मिली, कुणाकडे २५०. तांब्यात तर याहून मोठा फरक निघतो.

सलग तीन दिवस पाळा, जमल्यास त्यातला एक सुट्टीचा. दर वेळी चार गोष्टी लिहायच्या: किती वाजता, किती मिली, घाई किती (० म्हणजे अजिबात नाही, ३ म्हणजे पळावं लागलं), आणि निसटली का. शेजारच्या रकान्यात काय प्यायलं आणि किती, ते. त्यात चहा, ताक, आमटी, सार, कढी, कलिंगड सगळं धरा. झोपायची आणि उठायची वेळ रोज नोंदवा. रात्रीचा हिशेब त्यावरच चालतो. मोजायला सुरुवात केली म्हणून पाणी कमी करू नका किंवा फेऱ्या आवरू नका. वही चांगली दिसावी म्हणून लिहिलेली वही निरुपयोगी.

आकडे काय बोलतात

आधी चोवीस तासांची एकूण लघवी बघा. वजनाच्या दर किलोमागे ४० मिलीपेक्षा जास्त भरली, म्हणजे ६० किलोच्या माणसाची २,४०० मिलीच्या वर गेली, तर लघवीच जास्त बनते आहे. समजा एकूण ३,२०० मिली आणि फेऱ्या अकरा; दर वेळी तीनशेच्या आसपास. हा मूत्राशय अगदी ठणठणीत आहे. बहुधा एकतर माणूस फार पाणी पितो, नाहीतर साखर वाढली आहे. मधुमेहाच्या गोळ्याही पाहा: डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही औषधं साखर लघवीवाटे बाहेर काढतात, सोबत पाणीही जातं. ती आपल्या मनाने बंद करायची नाहीत, पण यूरॉलॉजिस्टला त्यांचं नाव सांगायलाच हवं.

आता दुसरी वही. एकूण १,५०० मिली, फेऱ्या तेरा, सरासरी ११५. मात्र पहाटेच्या पहिल्या वेळी ३५० मिली. पिशवीत जागा आहे, दिवसा ती वापरली जात नाही. घाईच्या रकान्यात २ आणि ३ भरलेले. हा अतिक्रियाशील मूत्राशयाचा नमुना, आणि पुढे दिलेल्या सरावाचा सर्वांत जास्त फायदा अशांनाच होतो.

दिवसा, रात्री, पहाटे, केव्हाही १००-१५० मिलीच्या वर जातच नसेल तर मात्र सरावावर भिस्त ठेवू नका. मूत्राशयात खडा, गाठ, दीर्घकाळची सूज असू शकते. आपल्याकडे मूत्रमार्गाचा क्षयही विसरून चालत नाही: लघवीत पू-पेशी दिसतात, साध्या कल्चरमध्ये काहीच उगवत नाही, प्रतिजैविकांचे कोर्स होऊनही फरक पडत नाही आणि पिशवी हळूहळू आकसत जाते. असं चित्र असेल तर क्षयाची तपासणी मागून घ्या.

रात्रीचा हिशेब वेगळा. झोपल्यानंतरची सगळी लघवी अधिक सकाळची पहिली, ही बेरीज चोवीस तासांच्या एकूण लघवीच्या किती टक्के येते? पासष्टीच्या पुढे ३३ टक्क्यांपेक्षा जास्त आली तर रात्री लघवी जास्त बनते आहे. १,६०० मिलीपैकी ७०० मिली रात्रीची असेल तर ते ४४ टक्के होतात. या माणसाला मूत्राशय शांत करणारी गोळी देऊन फारसा उपयोग नाही.

आणि धार बारीक, सुरू व्हायला वेळ, मध्येच तुटणं, कुंथावं लागणं, झाल्यावरही 'राहिलीय' असं वाटणं? ही दुसऱ्या बिघाडाची, म्हणजे नीट रिकामं न होण्याची लक्षणं. पन्नाशीनंतरच्या पुरुषात आधी प्रोस्टेट, म्हणजे मूत्राशयाखालची ग्रंथी, पाहतात. मागे किती राहते ते सोनोग्राफीत कळतं.

तपासणीला जाताना

लघवीची साधी तपासणी, रक्तातली साखर, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम सांगणारी रक्ततपासणी) आणि लघवी झाल्यानंतर मागे किती उरते हे सांगणारी सोनोग्राफी, सुरुवातीला एवढं पुरतं. नमुना देताना जागा पाण्याने धुऊन पहिली धार सोडून द्या, मधली धार बाटलीत धरा.

सोनोग्राफीत एक हमखास फसगत होते. केंद्रावर "लिटरभर पाणी प्या, प्रेशर येऊ द्या" सांगतात, नंबर लागेपर्यंत तासभर जातो, मूत्राशय अवाच्या सवा ताणला जातो, मग गडबडीत लघवी करायला पाठवतात. ताणलेला मूत्राशय पुरता रिकामा होत नाही आणि अहवालात मागे उरलेला आकडा फुगून येतो. पाचेक मिनिटांनी पुन्हा एकदा जाऊन या आणि "परत मोजा" म्हणा. ५० मिलीच्या आत उरली तर ठीक. २०० च्या वर, तेही दोनदा मोजून, असेल तर ते गांभीर्याने घ्यायचं. धारेचा वेग मोजणाऱ्या यूरोफ्लो तपासणीतही किमान १५० मिली लघवी झाली तरच आलेख विश्वासाचा.

वयस्क माणसाला ताप नाही, जळजळ नाही, नवा त्रास काही नाही, पण अहवालात जंतू दिसले, तर बहुतेक वेळा औषधाची गरज नसते. अशा वेळी दिलेल्या प्रतिजैविकांनी जंतूच निर्ढावतात.

पिण्याचं गणित

मूत्रपिंडं एरवी तासाला सुमारे ६० मिली लघवी बनवतात. या चालीने २०० मिली जमायला तीन तासांहून थोडा जास्त वेळ लागतो. सकाळी उठल्या उठल्या तांब्याभर पाणी घटाघटा प्यायलं की हा वेग काही काळ कित्येक पटीने वाढतो आणि दोन तासांत तीन फेऱ्या होतात. त्यात मूत्राशयाची चूक शून्य. तेच पाणी दर तासाला एक फुलपात्र असं वाटून घेतलं तर निम्मा त्रास तिथेच जातो. दिवसाला सगळं मिळून दीड ते दोन लिटर पुरतं. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात किंवा शेतात राबताना अर्थातच जास्त. लघवीचा रंग फिकट पिवळा राहिला म्हणजे जमलं. मुतखडा होऊन गेलेल्यांनी पाणी कमी करण्याआधी डॉक्टरांना विचारावं.

उलट चूकही तितकीच होते. निसटेल या भीतीने अनेकजणी दिवसभर पाणीच पीत नाहीत. लघवी गडद होते, संसर्गाला वाट मिळते, संडासला खडा होतो. भरलेलं गुदाशय मूत्राशयाला मागून दाबतं आणि घाई वाढते. बद्धकोष्ठता सुधारली की लघवीही सुधारल्याचं पुष्कळदा दिसतं. भाकरी, पालेभाजी, भिजवलेल्या मनुका, लागलं तर इसबगोल, आणि संडासला वेळेवर बसणं, हे लघवीचेच उपाय समजा.

चहाबद्दल बोलणं भाग आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहारसूचनांप्रमाणे १५० मिली चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफिन असतं, आणि उकळून गाळलेल्या कॉफीत ८० ते १२०. कॅफिन लघवी वाढवतं आणि मूत्राशयालाही डिवचतं. "मी दोनच कप घेतो" म्हणणाऱ्यांचे ऑफिसातले चार कटिंग हिशेबात धरलेले नसतात, वहीत ते बरोबर सापडतात. एकदम सोडलात तर डोकं धरेल. दर दोन-तीन दिवसांनी एक कप कमी करा आणि दोन आठवडे चहा एकावर ठेवून बघा. संध्याकाळचा चहा आधी सोडा. काहींना कोला, दारू, फार आंबट किंवा फार तिखटही सोसत नाही, पण हे ज्याचं त्याने पाहायचं. सगळंच एकदम बंद केलं तर कशाने बरं वाटलं ते कळत नाही.

धने-जिऱ्याचं पाणी, सब्जा, कोकम सरबत उन्हाळी लागल्यावर ठीक. घाईवर मात्र ते औषध म्हणून दोन-दोन ग्लास घेतलं तर फक्त दोन ग्लास पाणी वाढतं.

कळ आली की पळू नका

कळ ही लाट असते. चढते, टोकाला जाते आणि एकाध मिनिटात ओसरते. लोक नेमके टोकावर असताना धावतात. धावताना पोटावर दाब येतो, लक्ष सगळं संडासाच्या दारावर असतं, आणि दारातच निसटते. करायचं ते असं.

जिथे आहात तिथे थांबा. शक्य असेल तर कडक पृष्ठभागाच्या खुर्चीवर टेका, नाहीतर पाय जुळवून उभे राहा. गॅस रोखताना आवळता ते खालचे स्नायू पटकन आवळा, पटकन सोडा, असं पाच-सहा वेळा. हे स्नायू आवळले की मज्जारज्जूतल्या नसांच्या जोडणीतून मूत्राशयाच्या भिंतीला सैल होण्याचा इशारा जातो, म्हणून ही युक्ती चालते. श्वास रोखू नका, लांब सोडा. डोकं दुसरीकडे गुंतवा: शंभरातून सात-सात वजा करत उतरा, उद्याच्या डब्याची यादी करा, मनाचे श्लोक पाठ असतील तर म्हणा. लाट उतरली की चालत, रोजच्या चालीने संडासात जा. आणि पुढच्या आठवड्यापासून लाट उतरल्यावरही पाच मिनिटं काढा, मग जा.

पहिल्या काही दिवसांत हे फसेल. घरी असताना, पॅड लावून, कमी त्रासाच्या कळेवर आधी सराव करा. कुलूप-किल्लीच्या कळेसाठी युक्ती अशी की किल्ली काढण्याआधी, जिन्यातच, पाच वेळा आवळून घ्यायचं. घरात शिरल्यावर आधी चपला, पिशवी, हात-पाय, मग संडास.

घड्याळ लावून सराव

वहीतून दोन फेऱ्यांमधलं नेहमीचं अंतर काढा. ते पाऊण तास असेल तर पाऊण तासानेच सुरुवात. उठल्यापासून दर ४५ मिनिटांनी जायचं, लागलेली असो वा नसो. मध्ये कळ आली तर वरची युक्ती. तीन-चार दिवस हे सहज जमलं की १५ मिनिटं वाढवा. साधारण आठवड्याला १५ मिनिटं या गतीने अडीच ते साडेतीन तासांपर्यंत पोचायचं असतं. सहा ते बारा आठवडे लागतात. मोबाइलचा अलार्म लावा. रात्री सराव नाही, रात्री झोपायचं.

बिघडतं कुठे? पहिल्याच आठवड्यात तासाची उडी मारली जाते. दुसऱ्या आठवड्यात एखाद्या लग्नात फजिती होते आणि सगळंच सोडून दिलं जातं. त्याऐवजी एक पायरी खाली उतरून तिथून पुन्हा चढावं. सर्दी, पाळीचे दिवस, प्रवास यांत मागे-पुढे होतंच. 'उगाच एकदा जाऊन येते' ची फेरी मात्र पहिल्या दिवसापासून बंद. ज्यांच्या मूत्राशयात लघवी मागे राहते किंवा संसर्ग आहे, त्यांनी हा सराव आधी करायचा नाही.

सार्वजनिक संडासात सीटला न टेकता अधांतरी उभं राहून लघवी करणाऱ्या बायकांचे खालचे स्नायू सैलच पडत नाहीत, म्हणून थोडी मागे राहते. भारतीय पद्धतीच्या संडासात पूर्ण उकिडवं बसा किंवा सीट पुसून, कागद टाकून टेका. पुरुषांना लघवी झाल्यावर पँटमध्ये चार थेंब पडतात ते बहुधा मूत्रनलिकेच्या वळणात साठलेले असतात. वृषणाच्या मागून पुढे बोटांनी हलकं दाबत आणलं की ते तिथेच निघून जातात.

खालच्या स्नायूंचा व्यायाम

अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नोल्ड केगल यांनी १९४८ मध्ये हे व्यायाम मांडले, म्हणून त्यांना केगल म्हणतात. माकडहाडापासून पुढच्या हाडापर्यंत झोळीसारखे ताणलेले हे स्नायू. पाठीवर झोपा, गुडघे दुमडा, गॅस आणि लघवी एकदम रोखतो तसं आत आणि वर ओढा. पुरुषांना लिंगाचं मूळ आत गेल्यासारखं आणि वृषण किंचित वर उचलल्यासारखं जाणवतं. एक हात पोटावर ठेवा: पोट कडक झालं, नितंब दाबले गेले किंवा श्वास अडला तर चुकीचे स्नायू कामाला लागले आहेत. सर्वांत घातक चूक म्हणजे वर ओढण्याऐवजी खाली कुंथणं. आरशात पाहिलं तर जागा आत जाताना दिसायला हवी, बाहेर फुगताना नाही.

पाच सेकंद आवळा, पाच सेकंद पूर्ण सोडा, असं दहा वेळा. मग दहा झटपट. दिवसातून तीनदा. हळूहळू पाचाचे दहा सेकंद. सोडणं हे आवळण्याइतकंच महत्त्वाचं. लघवीची धार मध्येच थांबवून रोज व्यायाम करण्याची पद्धत चुकीची आहे, त्याने नीट रिकामं होण्याची सवय बिघडते. तीन महिने नेमाने केल्याशिवाय निकाल लावू नका. ओटीपोटात सतत दुखत असेल किंवा संबंधावेळी दुखत असेल तर स्नायू आधीच ताठरलेले असू शकतात. तिथे आवळण्याने त्रास वाढतो आणि फिजिओथेरपिस्टकडून सैल सोडायला शिकावं लागतं.

रात्रीच्या फेऱ्या

झोपण्याआधी दोन-तीन तास पिणं आटोपतं घ्या. रात्रीच्या जेवणात लोणचं-पापडाचं मीठ कमी करा. संध्याकाळी घोट्यांवर मोज्याचे वळ उठत असतील तर दिवसभर पायात साचलेलं पाणी आडवं झाल्यावर रक्तात परततं आणि लघवी होऊन बाहेर पडतं. दुपारी तासभर पाय उशीवर ठेवून पडा म्हणजे ते झोपण्याआधीच निघून जाईल. रक्तदाबाच्या अ‍ॅम्लोडिपिनने काहींचे पाय सुजतात. लघवी होण्याची गोळी रात्री घेतली जात असेल तर तिची वेळ बदलता येते. दोन्हींबद्दल डॉक्टरांनाच विचारा. मोठ्याने घोरणं, मध्येच श्वास अडणं, दिवसा पेंग येणं असेल तर झोपेतल्या श्वासाच्या विकाराची तपासणी करा, त्यातही रात्रीची लघवी वाढते. आणि अंधारात पडून खुब्याचं हाड मोडू नये म्हणून मंद दिवा, मोकळी वाट, वयस्कांच्या पलंगाशी यूरिन पॉट.

गोळ्या आणि त्यापुढचं

सवयीचे उपाय सहा ते बारा आठवडे करूनही भागलं नाही तर औषध, आणि औषध चालू असतानाही सराव सुरूच. सोलिफेनासिन, टॉल्टेरोडीन, डॅरिफेनासिन, ऑक्सिब्युटिनिन हा एक गट. यांनी तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठता होते. काचबिंदूच्या अरुंद कोनाच्या प्रकारात आणि लघवी तुंबणाऱ्यांना ही चालत नाहीत, आणि वयस्कांना, विशेषतः ऑक्सिब्युटिनिनने, गोंधळल्यासारखं होऊ शकतं. तोंड कोरडं पडलं म्हणून लोक जास्त पाणी पितात आणि गोळीचा गुण तिथेच घालवतात. बडीशेपेचे दोन दाणे चघळा. मिराबेग्रॉन वेगळ्या वाटेने भिंत सैल करतं, तोंड कोरडं करत नाही, पण रक्तदाब वाढवू शकतं. १८०/११० च्या वर गेलेला, आटोक्यात नसलेला रक्तदाब असेल तर ते देत नाहीत. ही गोळी अख्खी गिळायची, कुटायची नाही. गुण यायला चार ते आठ आठवडे लागतात. पाळी गेलेल्या बायकांना योनीत लावायच्या इस्ट्रोजेन क्रीमचा उपयोग होतो. प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांनी सर्दीच्या गोळ्या परस्पर घेऊ नयेत, त्यातल्या घटकांनी लघवी अडकते.

त्याही पुढे घोट्याजवळच्या नसेला सुईवाटे सौम्य विजेचं उत्तेजन (आठवड्याला ३० मिनिटं, १२ आठवडे), माकडहाडाजवळच्या नसेला उत्तेजन देणारं उपकरण, किंवा दुर्बिणीतून मूत्राशयाच्या भिंतीत बोटॉक्सची, म्हणजे स्नायू सैल करणाऱ्या इंजेक्शनची, १०० युनिटं. बोटॉक्सचा परिणाम काही महिन्यांनी ओसरतो, पुन्हा द्यावं लागतं. काहींची लघवी तात्पुरती अडते, म्हणून स्वतः नळी घालून लघवी काढायला आधी शिकून, त्याची तयारी असेल तरच होकार द्यावा.

तोवर बाहेर पडताना

मासिक पाळीचं पॅड रक्तासाठी बनवलेलं असतं. लघवी ते नीट धरून ठेवत नाही आणि कातडी ओली राहते. लघवीसाठीचे वेगळे पॅड मिळतात, ते घ्या आणि चार-सहा तासांनी बदला. कातडी लाल होत असेल तर झिंक ऑक्साइडचं मलम. एसटीच्या लांब प्रवासात निघण्याआधी दोन तास चहा नको, पाणी घोट-घोट. गाडी कोणत्या स्टँडवर दहा मिनिटं थांबते ते वाहकाला बसतानाच विचारून ठेवा. मुंबईत बायकांना मोफत, स्वच्छ मुतारी मिळावी म्हणून 'राइट टू पी' ची चळवळ उभी करावी लागली, यावरून वाटेतल्या सोयीवर किती विसंबायचं ते समजा: पिशवीत एक जादा पॅड, एक सलवार किंवा परकर, झिपची प्लास्टिक पिशवी आणि साबणाचा कागद असू द्या.